आईच्या गाडीची मूठ

आमची आई गाडी चालवते, आणि ती गाडी साधीसुधी नाही, असं मी नव्या ओळखीच्या माणसाला सांगितलं की तो आधी माझ्याकडे बघतो, मग आईच्या डाव्या पायाकडे बघतो आणि मग विषय बदलतो. लोकांच्या या सभ्यपणाची मला भयंकर चीड येते. आईला त्याचं काही वाटत नाही. ती म्हणते, "बघूंदे की. पाय आहे माझा, चोरून आणलाय थोडाच!"

लहानपणी पोलिओ झाला आणि आईचा तो पाय बारीकच राहिला. ती चालते, लंगडत चालते, पण सगळीकडे जाते. तिचं वाकडं होतं ते फक्त एसटीशी. एसटीची पायरी उंच, दाराशी गर्दी, आणि कोणीतरी वरून हात दिल्याशिवाय तिला चढता येत नसे. हात देणारे पुष्कळ असायचे, पण आईला तो हात नको असायचा. लग्न होऊन ती अलोऱ्याला आली. बाबा तिथल्या वीजप्रकल्पाच्या वसाहतीत नोकरीला होते आणि आईचं माहेर देवरुखला. माहेरी जायचं म्हणजे बाबांनी रजा काढून सोबत यायचं, नाहीतर मामाने न्यायला यायचं. "मी काय पार्सल आहे?" असं आई तेव्हा म्हणायची म्हणे, आणि बाबांना ते फार लागायचं.

अशात प्रकल्पावर आलेला एक परदेशी इंजिनिअर आपल्या देशी परत निघाला. त्याच्याकडे एक गाडी होती. इंग्लंडात तयार झालेली, दोनच माणसांची, उघड्या टपाची, बसकी आणि लांब नाकाची स्पोर्ट्स कार. असल्या गाड्या मुळातच थोड्या बनल्या आणि आपल्याकडे तर बोटांवर मोजण्याइतक्याच आल्या, हे आम्हाला फार पुढे कळलं. बाबांना त्या वेळी एवढंच दिसलं की गाडी इतकी बुटकी आहे की आईला तिच्यात चढावं लागणार नाही, नुसतं बसायचं. त्यांनी ती घेतली. वसाहतीतल्या लोकांनी त्यांना वेड्यात काढलं, कारण त्या गाडीत एक सुटकेस आणि एक टोपली यांच्यात निवड करावी लागायची.

पण नुसतं बसून आईचं भागणार नव्हतं. तिला चालवायची होती. आता क्लच डाव्या पायाने दाबायचा आणि नेमका तोच पाय कामाचा नाही. मग बाबांनी आणि वर्कशॉपमधल्या त्यांच्या मित्राने मिळून गिअरच्या दांड्यालाच दुसरी एक छोटी दांडी जोडली. दोन्ही दांड्या एका मुठीत धरून आवळल्या की तार ओढली जायची आणि क्लच दबायचा. ती तार पायाखालच्या फळीतल्या एका भोकातून खाली जायची. एकाच हाताने क्लच आणि त्याच हाताने गिअर. आमच्या घरात या जोडणीला "मूठ" म्हणतात. डॉक्टरांनी त्याच सुमारास आईला कुबडी वापरायला सांगितली होती, तर आईने सांगितलं, "कुबडी गाडीला लावली आहे, मला नको."

ती मूठ आवळायला बरीच ताकद लागते. वर्षानुवर्षं आवळून आईचं डावं मनगट असं काही तयार झालं की लोणच्याच्या बरण्यांची झाकणं अख्ख्या आळीतून तिच्याकडे उघडायला येतात. लहानपणी आम्हा भावंडांना ती डाव्या हाताने धपाटा घालणार असं दिसलं की आम्ही आधीच कबुली देऊन मोकळे व्हायचो.

मूठ झाली तशी बाबांना गाडीत काहीबाही करायची चटकच लागली. गाडीचा मूळ हॉर्न नाजूक, कुंभार्ली घाटात तो कोणाला ऐकू जाईना, म्हणून त्यांनी कुठूनसा एसटीचा जुना भोंगा पैदा केला आणि बॉनेटखाली बसवला. परिणाम असा झाला की देवरुखच्या रस्त्यावर आईने वळणाआधी भोंगा वाजवला की पुढच्या थांब्यावरची माणसं पिशव्या उचलून, हात वर करून तयार उभी. आणि वळणावरून यायची ही गुडघ्याएवढी गाडी. मी तेव्हा सीटच्या मागच्या फळीवर, सामानाच्या जागी बसलेली असायचे. एक म्हातारी अजून आठवते. हात तसाच वर ठेवून ती शेजारणीला म्हणाली होती, "आवाज तं एष्टीचा आला. मंग ह्यी काय गो?"

रत्नागिरीत घर केल्यावर खारा वारा गाडीला खाईल या भीतीने बाबांनी मिरकरवाड्याच्या होडीवाल्यांचा उपाय केला. काजूच्या टरफलांचं तेल होड्यांना बाहेरून चोपडतात, ते त्यांनी गाडीला खालून चोपडलं. पुढे दुधावरच्या साईसारखा मूळ रंग उडाला तेव्हा होड्यांचाच निळा-हिरवा रंग अंगभर फासला. आई कधी त्या रंगाबद्दल काही बोलली नाही. का बोलली नाही, ते पुढे येईलच.

बाबा गेले आणि गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. दोन-तीन पावसाळे तशीच होती. मग माझा मोठा भाऊ, दादा, जहाजावरची नोकरी संपवून घरी आला. तो जहाजावर इंजिनिअर होता. आयुष्यभर प्रत्येक यंत्र त्याच्या पुस्तकात लिहिलंय तसंच ठेवायचं ही त्याची नोकरी, आणि आता हाताला काम नाही. त्याने एक दिवस ताडपत्री काढली, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि जाहीर केलं, "आई, ही मी कारखान्यातून निघाली तशी करणार."

आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "कर. मला रविवारी सकाळी भाट्याच्या समुद्रावर जाता आलं पाहिजे. शहाळं प्यायचं आणि परत यायचं."

"मी नेतो ना तुला."

"नेतो काय? मी जाणार. चालवत."

हे वाक्य मी मुद्दाम इथे लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरून आहे. आणि यात मरायच्या आधी एकदा वगैरे काही नव्हतं. आईला दर रविवारी जायचं होतं. त्यासाठी तिने आरटीओत जाऊन लायसन्सचं नूतनीकरणही करून घेतलं होतं. तिथल्या साहेबांनी, "या वयात कशाला, आजी?" असं विचारलं. तर ती म्हणाली, "तुमच्या वयात पण काढलं होतं."

दादाचा उद्योग सुरू झाला. इंग्लंडातल्या कोणा-कोणा म्हाताऱ्यांशी त्याची इंटरनेटवर मैत्री झाली. पार्सलं येऊ लागली. आमच्या शेडमध्ये गाडी सुटी होऊन पसरली आणि दादाच्या तोंडी उठता-बसता एकच शब्द, ओरिजिनल. ओरिजिनल नट, ओरिजिनल वायर, वायरवरचं कापडही ओरिजिनल. मला त्या शब्दाचा इतका वैताग आला की मी चहा देतानाही म्हणायचे, "घे, ओरिजिनल साखर आहे."

माझं म्हणणं अगदी उलटं होतं. कारखान्यातून गाडी निघाली तो तिचा एक दिवस. पुढची सगळी वर्षं तिने आमच्या रस्त्यांवर, आमच्या हवेत काढली. बाबांनी लावलेलं प्रत्येक वेडंवाकडं काहीतरी म्हणजे बाबाच. ते काढून टाकलं तर गाडी ओरिजिनल होईल, पण आमची राहील का? मी हे बरंच भावुक होऊन दादाला ऐकवलं. दादा शांतपणे म्हणाला, "अगं, अशा गाड्या आता जगात किती उरल्यात? ज्याने ही बनवली, त्याने काय विचार केला होता ते कुठेतरी एका गाडीत तरी जसंच्या तसं राहायला नको? आपण काय, आज आहोत, उद्या नाही." दादाची ही एक वाईट खोड आहे, तो कधीकधी बरोबर असतो.

शेवटी निवाडा आईकडे गेला, कारण गाडी तिच्याच नावावर. आई शेडमध्ये खुर्ची टाकून बसली आणि दादा एकेक गोष्ट विचारू लागला. मला खात्री होती की बाबांच्या वस्तूंना ती हात लावू देणार नाही.

"हा होडीचा रंग?"

"काढ. आजच काढ," आई म्हणाली. "इतकी वर्षं मी तो रंग सहन केलाय. तुझे बाबा इतके खूष होऊन रंगवत होते की माझ्याने बोलवेना. साईचा रंग काय सुरेख होता!"

मी तिथेच एका डब्यावर बसकण मारली.

"खालचं काजूचं तेल? खरवडून बघितलं, पत्रा शाबूत आहे तसा. पण ओरिजिनल नाही."

"राहूंदे. खाली वाकून कोण बघतंय?"

"परीक्षक बघतात आई. आरसा घालून बघतात."

"गाडीच्या खाली आरसा?" आईला हसू आवरेना. "मग ठेव बाबा. एवढा आरसा घालणार, तर बिचाऱ्यांना काहीतरी दिसायला हवं."

"आणि भोंगा?"

इथे मी पुढे सरसावले. भोंगा म्हणजे माझं बालपण होतं. पण आई सरळ म्हणाली, "काढ. भर बाजारात लाज वाटायची मला. मी एवढीशी, गाडी एवढीशी आणि आवाज हा असा."

मी रुसून घरात निघून गेले. खोटं कशाला बोलू, या वयात रुसले. तरी आतून ऐकू येत होतं.

"मूठ?" दादाने विचारलं.

"मुठीला हात लावायचा नाही."

त्यावर बराच वेळ खालच्या आवाजात बोलणं झालं. मुंबईला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं आणि तिथे अस्सल गाड्यांच्या वर्गात उभी राहायची तर मूठ चालत नाही, असं दादाचं म्हणणं. त्याने तोडगा काढला. मूठ असलेला जुना दांडा तसाच्या तसा काढून ठेवायचा, इंग्लंडातून आलेला नवा दांडा घालायचा, प्रदर्शन झालं की परत जुना. आईने विचारलं, "नक्की परत?" दादा म्हणाला, "नक्की." आई बरं म्हणाली.

दादा खोटं बोलणारा नाही. पण काम जसजसं पुढे जाऊ लागलं तसतसा तो गाडीच्या प्रेमात पडत गेला, आणि मला भीती वाटू लागली. पायाखालच्या कुजलेल्या फळ्यांच्या जागी त्याने ज्या झाडाच्या मूळच्या होत्या त्याच लाकडाच्या नव्या फळ्या परदेशातून मागवल्या. त्यांना पॉलिश करून त्याने मला दाखवायला बोलावलं. नवजात बाळाच्या टाळूवरून फिरवावा तसा हात तो त्या फळीवरून फिरवत होता. तिच्यात तारेचं भोक अर्थातच नव्हतं. मी विचारलं, "आणि मूठ परत लावशील तेव्हा?" तो म्हणाला, "तेव्हाचं तेव्हा बघू." आमच्या घरात या वाक्याचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे.

गाडी पुरी झाली. खरं सांगते, मला रडू आलं. साईचा रंग, लाल चामड्याच्या सीटा, आणि चाकांच्या तारा अशा चमकत होत्या की आमचं शेड लाजेने मान खाली घालेल. आई गाडीभोवती हळूहळू फिरली. तिने दार उघडलं, आत बसली, स्टिअरिंगवर उजवा हात ठेवला आणि डावा हात सवयीने गिअरकडे नेला. दांडा एकटाच होता, मुठीत काहीच भरलं नाही. तिने हात मांडीवर घेतला आणि म्हणाली, "छान झालीय रे. अगदी नवीन." आणि उतरून आत गेली.

पुढच्या आठवड्यात प्रदर्शनवाल्यांकडून एक परीक्षक गाडी बघायला आले. पुण्याचे होते, वयस्कर, बोलायला गोड. खरोखरच आरसा घेऊन आले होते. त्यांनी टॉर्चने, आरशाने, चष्म्याच्या वरून आणि चष्म्याच्या खालून गाडी तपासली. काजूच्या तेलाचा वास घेऊन नाक मुरडलं, पण पत्रा बघून "ठीक आहे, ठीक आहे" म्हणाले. बाकी त्यांची स्तुती थांबेना. दादाचे कान लाल झाले होते. कोकम सरबत पिता पिता परीक्षक म्हणाले, "प्रदर्शनाचं सोडा हो, मी तुम्हाला अस्सलपणाचं प्रमाणपत्रच द्यायची शिफारस करतो. आपल्याकडे असं फार कमी गाड्यांना मिळतं. फक्त आता हिला हात लावायचा नाही. एक भोक जरी जास्तीचं पडलं, तरी प्रमाणपत्र गेलं."

मी दादाकडे बघत होते आणि तो त्या नव्या फळीकडे बघत होता.

परीक्षक आईकडे वळले. "आजी, तुम्ही बसलात की नाही हिच्यातून कधी?"

"बसले?" आई म्हणाली. "मीच तर चालवायची. अलोऱ्याहून देवरुख, एकटी. आता ओरिजिनल झाली ना, म्हणून मला येत नाही."

तिने हे रागाने म्हटलं नाही, टोमणाही मारला नाही. पाहुण्याने विचारलं म्हणून माहिती दिली. परीक्षकांनी बघायचं नाही म्हणता म्हणता आईच्या पायाकडे पाहिलं, आणि मग सरबताच्या ग्लासात.

इथे दादाने एखादं सिनेमातलं वाक्य टाकलं असतं तर मी उठून आत गेले असते. तो उठला, शेडमधल्या मांडणीवरून फडक्यात गुंडाळलेला जुना दांडा घेऊन आला आणि मला म्हणाला, "तो बारका पाना दे."

"अहो, अहो," परीक्षक उभे राहिले. "घाई करू नका. विचार करा. अशी गाडी पुन्हा होत नाही."

"खरं आहे तुमचं," दादा म्हणाला. "पण ही आईला माहेरी जाता यावं म्हणून घेतलेली गाडी आहे. एवढं सगळं मी पुस्तकात बघून केलं आणि हेच विसरलो."

परीक्षक जायला निघाले होते, पण गेले नाहीत. त्यांना तार कशी जाते ते बघायचं होतं. दादाने नवा दांडा काढला, जुना बसवला, तार जोडली आणि मग ड्रिल हातात घेऊन त्या पॉलिश केलेल्या फळीपुढे गुडघ्यांवर बसला. बसला तो बसूनच राहिला. खडूने खूण केली, पुसली, पुन्हा केली. आईने खुर्चीतून विचारलं, "काय रे?"

"काही नाही. करतोय."

"अरे, पाड भोक. तुझे कान टोचले तेव्हा सुद्धा तू एवढा वेळ लावला नव्हतास."

परीक्षकच आधी हसले. दादाने डोळे मिटून ड्रिल चालवलं. म्हणजे तो सांगतो की उघडे होते, पण मी पाहिलंय.

रविवारी सकाळी आई भाट्याला निघाली. तिच्या शेजारी दादा. मला मागच्या फळीवर बसायची फार इच्छा होती, पण ती फळी आणि मी यांच्यात आता बराच फरक पडला आहे, म्हणून मी स्कूटरवरून मागे. पहिल्यांदा फाटकाशी गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा रस्त्यावर बंद पडली. दादाचा हात नकळत स्टिअरिंगकडे गेला आणि आईने तो डाव्या हाताने बाजूला केला. त्या हाताने बाजूला केल्यावर माणूस बाजूलाच होतो. तिसऱ्यांदा तिने मूठ आवळली आणि गाडी अशी सुटली की मला गाठता गाठता नाकी नऊ आले.

भाट्याच्या पुलाआधी एक रिक्षा रस्त्याच्या मधोमध उभी राहून कोणाशी तरी गप्पा मारत होती. आईने हॉर्न दाबला. तो मूळचा, इंग्लंडातून मागवलेला, अस्सल हॉर्न. "पीं" असा काहीसा आवाज झाला. रिक्षावाल्याने मागे वळूनही पाहिलं नाही. आईने पुन्हा दाबला, पुन्हा तेच. शेवटी मी मागून स्कूटरचा हॉर्न दिला तेव्हा रिक्षा हलली.

पूल ओलांडून सुरूच्या झाडांखाली आईने गाडी उभी केली. शहाळेवाला ओळखीचा, तो शहाळी तासत तासत गाडीच्या भोवतीच आला. आई गाडीतच बसून राहिली होती. घामाने तिचा चेहरा भिजला होता, आणि मी तिला इतकं खूष किती वर्षांत पाहिलं नव्हतं. मला वाटलं होतं ती मुठीबद्दल काही बोलेल, निदान दादाच्या पाठीवर हात ठेवेल. तिने शहाळ्यातली स्ट्रॉ बाजूला केली, तोंड लावून घोट घेतला आणि म्हणाली, "हे काय मांजराचं पिल्लू ठेवलंयस रे पुढे?"

"तो ओरिजिनल हॉर्न आहे आई. तूच म्हणालीस, भोंगा काढ म्हणून."

"म्हणाले खरी."

तिने शहाळं हलवून आत किती उरलंय ते बघितलं. मग म्हणाली, "लोक हात करून उभे राहायचे. थांबायचं नाही तरी मी त्यांना हात करायची. मागे फळीवरून ही पोर हात करायची. आणि घरी येऊन सांगितलं की हे जेवता जेवता इतके हसायचे." आणि मग दादाकडे न बघता, "ह्यांचा भोंगा कुठे ठेवलायस?"

"माळ्यावर," दादा म्हणाला. "तेल लावून ठेवलाय."

"दुपारी काढ," आई म्हणाली आणि उरलेलं शहाळं त्याच्या हातात दिलं.